प्रामाणिकपणाची तालीम

७ जुलै, सोमवार

वाट लागली! शुक्रवारी मूल्यशिक्षणाची समिती येणार, म्हणून आज आमच्या चारकोपच्या शाळेत शिक्षकांना मूल्यं वाटली. राजेश सरांना अहिंसा — ते लगेच छडी शोधायला गेले. पोरं गप्प बसायला हवीत ना! मला प्रामाणिकपणा. मुख्याध्यापिका मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "नीट पार पाड, तुला कायम करायचं मी बघते." तीन वर्षं कंत्राटावर घासतेय. काहीही होवो, कायम व्हायचंच.

८ जुलै

बेत ठरला. मॅडमचं घड्याळ नळापाशी ठेवायचं, सातवीतल्या रुचिराला ते 'सापडणार', समितीसमोर ती परत करणार. पहिल्याच तालमीत घड्याळ गायब! राजेश सरांनी अहिंसा गुंडाळून ठेवली आणि अख्ख्या वर्गाची दप्तरं उलटी केली. घड्याळ मॅडमच्याच मनगटावर! तरी ओरडा पोरांनाच बसला.

९ जुलै

मॅडमचा नवा हुकूम — सापडायच्या आधी कुणी चोरू नये, म्हणून शिपाई लवूमामांनी घड्याळाशेजारी उभं राहायचं.

रुचिरा कार्टी भारी डोक्याची. "टीचर, सापडलं कसं म्हणू? तुम्हीच ठेवता ना?"

नाटक आहे गं, म्हटलं.

"मग पाहुण्यांना माहितीये, नाटक आहे?"

तिला पाणी प्यायला पाठवलं.

१० जुलै

तालीम झकास. लवूमामांचे पाय दुखतायत. "बाई, माका जरा बसाक तरी देवा."

११ जुलै, शुक्रवार

समितीचे साहेब आधी खूश होते. रुचिराने घड्याळ दिलं, टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "स्वतःकडे ठेवावंसं नाही वाटलं, बाळ?"

"कसं ठेवणार, सर? लवूमामा पहाऱ्याला होते. आणि रोज मलाच सापडतं ना ते."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मॅडमही.

"पोरीला गोष्टी रचायची सवय आहे, सर." मी बोलले हे. मीच! साहेब हसले, मग सगळेच हसले. शेरा मिळाला — उत्कृष्ट. घरी आले तरी लाज वाटतेय नुसती.

१२ जुलै

कायम झाले.

मधल्या सुट्टीत रुचिराची आई तिला दंडाला धरून स्टाफरूममध्ये घेऊन आली. पोर हुंदके देत होती. "सॉरी टीचर. मी खोटं बोलले."

सगळे बघत होते. मी तिला माफ केलं.