ठमी विमानाला घाबरते

१४ ऑगस्ट

परत आलो. मी आणि ठमी. ही पुढे गेली.

दादाकडे आहोत, मागच्या खोलीत. आमचं घर तर मागच्याच आठवड्यात सोडलं. किल्ली घरमालकाच्या हातात दिली, पलंग, कपाट, ठमीची सायकल, सगळं विकून मोकळे झालो. आता जिथे निघालो होतो ते गाव नाही आणि जिथून निघालो ते घरही नाही.

झालं असं — पहिलं विमान ठीक गेलं. मधल्या विमानतळावर उतरलो, पुढच्या विमानाच्या रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या बाईने ठमीचा पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, पुन्हा पासपोर्ट बघितला. व्हिसावर ठमीचं जन्मसाल चुकलेलं. पाच वर्षांची पोर कागदावर पंधरा वर्षांची! मी तो कागद कितीदा हातात घेतला असेल. हिनेही घेतला होता. निघताना इथल्या विमानतळावरच्या माणसानेही बघून शिक्का मारला. एकाच्याही नजरेत आलं नाही.

बाई वाईट नव्हती. मुलीला पुढे सोडता येणार नाही म्हणाली. तिच्याबरोबर एकाने परत जायला हवं, दुसरा पुढे जाऊ शकतो. हिला दुसऱ्या दिवशी विद्यापीठात हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. रोपांच्या रोगांवर शिकायला तिथे मोजकीच माणसं घेतात. शाळेतली नोकरी करून, ठमीला झोपवून, ही कितीतरी वर्षं त्यासाठी डोळे फोडत होती.

ही बाकावर बसली. म्हणाली, "तू सांग. मी काय करू?"

मी म्हटलं, "जा."

इतक्या पटकन म्हटलं की तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

ठमीला वाटलं आई बाथरूमला गेलीय. परतीच्या विमानात चढायची वेळ झाली तरी म्हणत होती, आईला येऊ दे ना.

परतताना हवा वाईट होती. विमान दणकन खाली जायचं, परत सावरायचं. चहाचे पेले उडाले. कोणाची तरी पिशवी वरून माझ्या खांद्यावर पडली. ठमी माझ्या शर्टावर ओकली. मी तिला उतरेपर्यंत छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं. फार घाबरली बिचारी.

१५ ऑगस्ट

बॅगा हिच्याबरोबर गेल्या — तिघांच्याही! ही तिकडे ठमीचे फ्रॉक घेऊन बसलीय आणि ठमी इकडे दादाच्या बनियनमध्ये हिंडतेय. पायापर्यंत येतं. स्वतःला राणी समजते.

दादा म्हणाला, तेलही गेलं, तूपही गेलं. वहिनीने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

२१ ऑगस्ट

कामावरच्या मालकांकडे गेलो. निरोप घेऊन गेलेला माणूस परत दारात — लाज वाटली. सगळ्यांनी मिळून मला प्रवासाची बॅग दिली होती. ती परत कर म्हणून चिडवलं पोरांनी. पण मालकांनी कामावर घेतलं. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं कमीच आहेत या गावात.

दुपारी दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टच्या डब्यावर चढून काम केलं. खाली सहा मजले अंधार. नवी पोरं तिथे भिंतीला चिकटून उभी राहतात. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. दोर असतो, एक तुटला तर दुसरा असतो. ब्रेक असतो. तळाशी स्प्रिंग असते. मी स्वतः हाताने तपासलेली.

विमानाला काय असतं?

८ सप्टेंबर

हिचा व्हिडिओ कॉल. कपडे धुण्याच्या दुकानावर एक खोली मिळालीय. जमीन दिवसभर गरम असते म्हणे, खालच्या यंत्रांमुळे. ठमीसाठी छोटा पलंग आणलाय, फ्रॉक घडी करून त्यावर ठेवलेत. जवळच्या शाळेत ठमीचं नावही घातलंय. सगळं दाखवत होती. खिडकी, नळ, दाराची कडी.

ठमी उठली. आईला फोनच्या मागे शोधायला गेली. फोन उलटा करून बघितला.

मी लवकर ठेवला.

१ ऑक्टोबर

व्हिसा दुरुस्त होऊन आला. चला, सुटलो. तिकिटं बारा तारखेची मिळाली. वहिनीने ठमीचे केस कापले.

जेवण जात नाही. पोट बिघडलंय. बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल. वहिनी म्हणते, बाहेर कुठे खाल्लंत भावोजी, डबा तर रोज मीच देते.

१३ ऑक्टोबर

काल काय झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

विमान उडालं. ठमी खिडकीशी. खालची घरं बघत होती, दादाचं घर कुठलं ते विचारत होती. ढगांत शिरलो आणि उजव्या बाजूला धाड्‌कन आवाज झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. लोखंड लोखंडावर. आपल्या लिफ्टच्या कामात असा आवाज आला की आधी लाइट बंद करतात आणि माणसं बाहेर काढतात. इथे कुठे काढणार? जळका वास आला. विमान एका अंगावर कललं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारता माझा हात पकडला. की मी त्यांचा पकडला, आठवत नाही.

वैमानिकाने सांगितलं, एक इंजिन बंद केलंय, आपण परत वळतोय. अगदी शांत आवाजात. तो शांत आवाज जास्त वाईट.

ठमीने विचारलं, "बाबा, आपण पडतोय का?"

मी तिचा पट्टा पुन्हा ओढून बघितला.

उतरलो. नीट उतरलो. लाल गाड्या विमानामागे धावत होत्या, कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. लोक टाळ्या वाजवत होते, मी पट्टा सोडवू शकत नव्हतो. शेवटी ठमीने सोडवला.

संध्याकाळी दुसरं विमान देतो म्हणाले. मुलीला विचारून सांगतो म्हटलं. ठमी विचारत होती, ते दुसरं विमान निळं आहे का. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, "तुला भीती वाटतेय ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग मान हलवली, हो.

हिला फोन करून सांगितलं — ठमी तयार होत नाही. धसका घेतलाय तिने. जबरदस्ती कशी करायची?

१४ ऑक्टोबर

ठमी गाढ झोपते. मला झोप नाही. या खोलीतला पंखा कुरकुरतो.

५ नोव्हेंबर

ही म्हणाली म्हणून ठमीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चित्र काढायला दिलं. तिने विमान काढलं, लाल गाड्या काढल्या, खिडकीत दोन तोंडं. एक हसरं. एक नुसतंच वर्तुळ. डॉक्टर म्हणाले, मुलगी छान आहे, काळजीसारखं काही नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, आणि तुम्ही कसे आहात?

मला काय धाड भरलीय, म्हटलं.

तो डॉक्टर फार काही हुशार वाटला नाही.

१९ नोव्हेंबर

तिकडच्या शाळेने ठमीची जागा दुसऱ्या मुलाला दिली. किती दिवस अडवून ठेवणार? ही सांगताना रडली नाही. त्याचीच भीती वाटली.

पुढच्या आठवड्याची तिकिटं काढली आहेत. या वेळी काही झालं तरी जायचं.

२७ नोव्हेंबर

नाही जमलं.

सगळं ठीक चाललं होतं. दादा सोडायला आला होता. ठमी गाणं गुणगुणत होती. रांगेतून पुढे पुढे गेलो, विमानाच्या दाराशी आलो. तिथे मी जरा थांबलो — बॅगेचा पट्टा निसटला होता, तो नीट करायला. मागची माणसं खोळंबली. दारातली मुलगी या, या म्हणत होती. पट्टा काही केल्या बसेना.

ठमीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि एकदम भोकाड पसरलं! असं रडली, असं रडली की पूर्ण रांग बघायला लागली. जमिनीवर बसली. मी समजावलं, दारातल्या मुलीने समजावलं, चॉकलेट दाखवलं. थांबेचना. आम्हाला बाजूला घेतलं. शेवटी दार लावलं.

बाहेर आलो तशी थांबली. लगेच. नाक पुसलं, भूक लागली म्हणाली.

दादा अजून गाडीतच होता. आम्हाला बघितलं. नुसतं मागचं दार उघडलं.

हिला कळवलं. म्हटलं, तू असतीस तर बघितलं असतंस, पोर कशी थरथरत होती.

९ डिसेंबर

ही आजारी होती. चार दिवस ताप. आज सांगतेय! खालच्या कपडे धुण्याच्या दुकानातल्या बाईने सूप आणून दिलं, वर्गातल्या एका मुलीने औषध. मला का नाही कळवलं विचारलं तर म्हणाली, कळवून तू काय करणार होतास?

मग म्हणाली, "एकदा खरं सांग. तुला इकडे यायचंय का?"

मी भडकलो. नको नको ते बोललो. इथे पोरीचं सगळं मी बघतोय, तिला खाऊ घालतोय, न्हाऊ घालतोय, तुझं शिक्षण तेवढं शिक्षण आणि माझं काय? पोरगी घाबरते त्याला मी काय करू? तिला दोरीने बांधून नेऊ?

ती ऐकत राहिली. मागे कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर येत होती. म्हणाली, सुट्टी लागली की मीच येते. तिला घेऊन जाईन. तिघं मिळून जाऊ.



१२ डिसेंबर

दवाखान्याच्या लिफ्टचा दोर बदलला. दिवस चांगला गेला.

२६ डिसेंबर

ही आली. केवढी वाळलीय. गालांची हाडं दिसतात. ठमी आधी वहिनीच्या मागे लपली, तिच्या ओढणीतून बघत राहिली. मग हळूच येऊन आईच्या बोटाला हात लावला, गरम आहे का बघावं तसा. त्यानंतर जी चिकटली ती चिकटलीच. मांडीवरून उतरायला तयार नाही. ही एका हाताने जेवली.

मला म्हणाली, तूही वाळलास. एवढंच. पण माझ्या ताटात भात तिने वाढला. कित्येक महिन्यांनी.

२९ डिसेंबर

शेजारच्या काकू आल्या होत्या. ठमीने त्यांना विमानाची गोष्ट सांगितली. हात पसरून खोलीभर फिरली. "मग धाड्‌! मग आपण असे वाकडे झालो. मग लाल गाड्या! काकू, लाल गाड्या आपल्यामागे!" खिदळत होती. काकू हसल्या, वहिनी हसली.

ही हसली नाही. ती ठमीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघायला लागली.

मी पाणी आणायला आत गेलो. माठ भरलेला होता तरी उगाच भांडी हलवत बसलो.

मुलं असं करतात. दिवसा हसतात, मनात भीती असतेच. तसं हिला सांगायला हवं.

१ जानेवारी

तिकिटं तिघांची. परवाची. ही घरातल्यांशी नेहमीसारखं बोलते, माझ्याशीही बोलते. पण विमानाचं नाव काढत नाही. भांडली असती तर बरं होतं. बॅग भरताना माझे शर्ट तिने वेगळ्या बॅगेत ठेवले. ठमीचे आणि तिचे एका बॅगेत. का, ते मी विचारलं नाही.

पोट पुन्हा बिघडलंय.

३ जानेवारी

विमानाच्या दारापर्यंत गेलो. ही पुढे, मध्ये ठमी, मागे मी. तिथे मी थांबलो. पट्टा, बूट, काही नाही. नुसता थांबलो.

ठमी दोन पावलं मागे आली. मला खाली वाकायला लावलं आणि कानाशी येऊन, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाबा, आज पण रडू का?"

मी म्हटलं, "नको."

ती आईचा हात धरून आत गेली.