उद्या तुझं बोलणं खरं करते

राजकुमारदादा,

जयभीम. सप्रेम मुद्दामच लिहीत नाय.

दोन वर्षांसाठी आफ्रिकेत, मलावीतल्या दवाखान्यात बिनपगारी नर्स म्हणून चालले, हे फोनवर सांगितलं तर तू हसलास. म्हणालास, "आईला टाकून लोकांची सेवा?" व्हय रे, अकरा वर्षं आई मुकुंदवाडीत माझ्याच दोन खोल्यांत राहते. तू मात्र सासरवाडीत सगळ्यांना सांगत फिरतोस, "आई आमच्याकडंच असते."

तर उद्या तुझं बोलणं खरं करते. आईला तुझ्या उस्मानपुऱ्यातल्या नव्या फ्लॅटवर आणून सोडते. सोबत तिचा काळा तवा आहे. दात घासायच्या मिश्रीसाठी ती रोज सकाळी त्याच्यावर तंबाखू भाजते, तेव्हा आमची अख्खी गल्ली खोकते. वहिनीच्या पांढऱ्याशुभ्र किचनमध्ये तो धूर लई शोभून दिसंल.

मी आईला विचारलं, "तिथं करमंल का तुला?" गठुडं बांधता बांधता ती म्हणाली, "तू नुसतं दारात सोड. पुढचं मी बघते."

हे पत्र मी टाकणार नाय. आधी कळलं, तर तू कुलूप लावून सासरवाडीला पळशील.

तुझी धाकटी,
निशा