दुपारची बदली

सक्करदरा, नागपूर

अहो,

तुमच्या हयातीत तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठं आली? लग्न होऊन या खोलीत आले ती तुमच्या डोळ्यांसमोरच राहिले. एका भोंग्याला तुम्ही मिलमध्ये जायचात, दुसऱ्या भोंग्याला परत यायचात, आणि मधे माझं धुणं, भांडी, पाणी. आज मात्र मशीनवरचा ब्लाऊज अर्धा टाकून लिहायला बसले आहे. उषाला म्हटलं, वहीतले दोन-चार कागद फाडून दे. ती म्हणाली, "कोणाले लिहून राहिली वं आई?" म्हटलं, तुझ्या बापाले. पोरगी कागद देऊन गेली.

झालं असं, की आज झिंगराजीभाऊजी आले होते. तुमच्या शेजारच्या मागावरचे, तुमच्याबरोबरच मिलमध्ये लागलेले. आता त्यांनी काम सोडलं. बोलता बोलता तुमच्या आजारपणाची गोष्ट निघाली. मी सहज म्हटलं, "भाऊजी, तुम्ही, नामदेव, करीमभाई, तिघांनी त्यांच्यासाठी जे केलं ते सख्खे भाऊ करत नाहीत." तर ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, आमी त्याच्यासाठी येतच नोतो. त्यानं आमाले तुमच्यासाठी बोलावलं होतं. म्हणे, माझं काही करू नका, मी तर मरूनच राहिलो. तिले दोन घंटे झोपू द्या."

इतकी वर्षं झाली आणि हे मला आज कळतं. तुम्ही मला काहून सांगितलं नाही?

तुमच्या घशातली गाठ डॉक्टरांना सापडली तोवर फार उशीर झाला होता. दवाखान्यात विजेच्या शेकाची लाईट देऊन झाली, गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवून झाली, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, मागतील ते द्या. मागणार कसे? तुमचा आवाज तर नळीबरोबरच गेला. तंबाखूची डबी मी किती वेळा नालीत फेकली, आठवते का? दर वेळी तुम्ही नवी आणायचात आणि वर मला दाखवून खिशात ठेवायचात. त्या डबीवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी लिहून टाकते.

उषाला मी माझ्या बहिणीकडे मौद्याला पाठवली. घरात तुम्ही आणि मी. पेज पातळ करायची, गाळायची, चमच्याचमच्यानं पाजायची. जखम धुवायची, चादरी उकळायच्या. आतली नळी काढून साफ करायची आणि परत बसवायची. या कामाला मी भीत नव्हते. कुहीला बापाच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवलेली बाई मी, कामानं काय होणार होतं मला?

मी भीत होते झोपेला. माझा डोळा लागला आणि नळीत कफ अडकला तर तुम्ही मला हाक कशी मारणार? उशाशी वाटी आणि चमचा ठेवला होता वाजवायला, पण जीव घुसमटल्यावर हातात तेवढं बळ कुठं राहणार होतं? म्हणून मी झोपणंच सोडून दिलं. भिंतीला टेकून बसायची आणि तुमची छाती हलते की नाही ते बघत राहायची. आपला माणूस जाईल तेव्हा आपण घोरत पडलेलो असू, ही एकच धास्ती मनात बसली होती. तुम्ही हातानं खुणावायचात, पड जरा. मी मान फिरवायची.

माणूस झोपला नाही की कसा होतो, ते तुम्ही बघितलंच. एकदा नळावर उभ्या उभ्या डोळा लागला, भरलेली बादली हातातून सुटली ती शेजारच्या सखूबाईच्या पायावर. ती चाळीतली एक नंबरची भांडखोर बाई, पण तिनंसुद्धा शिवी दिली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि बादली परत भरून दारात आणून ठेवली. तेव्हा माझं तोंड कसं दिसत असेल?

आणि मला तुमची चीड यायची. हे काही आज नवीन सांगत नाही, तेव्हा तुमच्या तोंडावरच बोलले होते. पेज ओठांतून परत बाहेर आली, मी तिसऱ्यांदा चादर बदलली आणि म्हटलं, "किती छळता हो." तुम्ही डोळे मिटून घेतले. मग मी रडले आणि तुमचं तोंड पुसलं. तुम्ही माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्या पकडीत राग नव्हता, म्हणून मी परत उभी राहू शकले.

मग ती नळीची गोष्ट झाली. आतली नळी भांड्यात उकळायला ठेवली आणि चुलीजवळच मी कलंडले. पाणी आटलं, भांडं करपलं, नळी काळी पडली. धूर झाला तरी मला पत्ता नाही. तुम्ही खाटेवरून पाय सोडून, भिंत धरत धरत चुलीपर्यंत आलात आणि मला हलवलंत. ज्या माणसाला कुशीवर मी वळवत होते, तो माणूस चालत आला. मी दवाखान्यात पळत जाऊन दुसरी नळी आणली. परत आले तर तुम्ही खाटेवर पडून छताकडे बघत होतात. मला वाटलं, थकलात. आता कळतं, तुम्ही काहीतरी ठरवत होतात.

त्याच आठवड्यात झिंगराजीभाऊजी तुम्हाला बघायला आले. तुम्ही दोघं बराच वेळ बोलत होतात. बोलत म्हणजे आवाज न काढता. तुमच्या साळखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून तुम्ही सगळे ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलायचात. कानाची पाळी ओढली की जॉबर, म्हणजे मुकादम, येतो आहे, मनगट फिरवलं की धागा तुटला. मला लग्नापासून या प्रकाराची कटकट वाटायची. घरीसुद्धा पाणी हवं असलं की अंगठा दाखवायचात आणि मी म्हणायची, तोंड नाही काय देवानं दिलं? तोंड गेलं तेव्हा तेच कामाला आलं. तुमचा आवाज गेल्याचं दुःख साऱ्या गावाला होतं, झिंगराजीभाऊजींना मात्र काही फरकच पडला नाही. ते पहिल्यासारखेच गप्पा मारत बसले.

दुसऱ्या दिवसापासून पहिली पाळी सुटली की कोणी ना कोणी दारात हजर. कधी झिंगराजीभाऊजी, कधी तुमच्याच खात्यातला नामदेव, कधी करीमभाई. अंगावर कापसाचे तंतू तसेच. मी वैतागले. यांना चहा करा, यांना बसायला द्या, आणि यांचं म्हणणं काय तर, "वहिनी, जरा आडव्या व्हा. आता बदली आली."

तुमच्या मिलमध्ये कोणी रजेवर गेला की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राहतो, हे मला ठाऊक होतं. पण संसारात कोणी बदली देतं का? मी भाऊजींना सुनावलं, "नवरा असा पडलेला, परके पुरुष घरात, आणि मी पाय ताणून झोपू? चाळीतल्या बाया काय म्हणतील?"

भाऊजी म्हणाले, "बाया म्हणतीन ते म्हणतीन. पण बिनझोपेच्या माणसाले आमी मागावर उभं नाही राहू देत. हात जातो त्याचा."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही साळसूद चेहरा करून पडला होतात. किती नाटकी होतात हो तुम्ही.

पहिल्या दिवशी तिघंही आले, तरी मी हट्टानं बसून राहिले आणि बसल्या बसल्याच झोपले. जाग आली ती घाबरून. बघते तर खोलीत चार माणसं. तुम्ही उशीला टेकून बसलेले, बाकी तिघं खाटेभोवती. चौघांचे ओठ हलतात, हातवारे चालले आहेत, नामदेव मांडीवर हात मारतो आहे, करीमभाई हसून हसून डोळे पुसतात, तुमचे खांदे हलतात, आणि आवाज म्हणून कसला नाही. मला वाटलं, माझे कान गेले. मी कानात बोटं घालून किंचाळले, "मले ऐकू येऊन नाही राहिलं!" आणि माझाच आवाज मला ऐकू आला. मग मात्र तिघं मोठ्यानं हसले, पार चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे. माझी झोप मोडू नये म्हणून इतका वेळ गिरणीतल्यासारखे बोलत होते बिचारे. आजारपण सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

त्यानंतर मी झोपायला लागले. खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं आणि तिच्याखाली अंग टाकायचं. करीमभाईंचा हात सगळ्यात हलका. बारीक धागा न ओढता जोडायची सवय असलेली बोटं ती, नळी काढताना तुमच्या कपाळावर आठी पडायची नाही. नामदेव धुणं बडवायचा ते सगळ्या चाळीला कळायचं. सखूबाई दारातून बघायची आणि म्हणायची, "मंजुळा, तुझं नशीब मोठं वं." कॅन्सरच्या माणसाच्या बायकोला कोणी असं म्हणतं का? पण तेव्हा मला ते खरं वाटायचं. आजही वाटतं.

झोप झाली की मी माणसात यायची. भूक लागायची. तुमच्यावर खेकसणं कमी झालं. त्या तिघांसाठी मी पाटवडीचा रस्सा करायला लागले. तुम्हाला पेजेपलीकडे काही गिळता येत नव्हतं, पण लोक जेवताना बघायला आवडायचं. तिखटानं कोणाच्या नाकातून पाणी आलं की तुम्ही बोट दाखवून हसायचात. आणि त्यांनी मला ओठ वाचायला शिकवलं. भाऊजी समोर बसून बिनआवाजाचं बोलायचे आणि मी ओळखायची. सुरुवातीला फार चुकायची. मग जमत गेलं, आणि एक दिवस तुम्ही मधे कोणी नसताना मला सरळ म्हणालात, "केस विंचर, भुतीण दिसून राहिली." असं पहिलं वाक्य काढायचं असतं का?

किती गप्पा केल्या आपण त्यानंतर. इतक्या वर्षांत तुम्ही मिलबद्दल जेवढं बोलला नव्हतात, तेवढं त्या शेवटच्या दिवसांत बोललात. लहानपणी धानाच्या पुंजण्यावरून, त्या उंच ढिगावरून पडून दात पाडून घेतला होता, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. झोपेशिवाय मी ते काहीच ऐकू शकले नसते. नुसती चादरी धूत राहिले असते आणि तुम्ही गेला असतात.

गेलात त्या दिवशीही मी दुपारी झोपून उठले होते. करीमभाईंना घरी पाठवलं, तुमचं अंग पुसलं, स्वतःसाठी चहा टाकला. बाहेर अजून उजेड होता. श्वास बदलला ते मला लगेच कळलं. नळी बघितली, मोकळी होती. तेव्हा समजले. खाटेवर येऊन बसले, तुमचं डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही वर बघितलंत आणि ओठ हलवले. मी पुन्हा विचारलं नाही, मला पहिल्याच वेळी कळलं. तुम्ही म्हणालात, "चाय पेली काय वं?" मी म्हटलं, "पेते ना." मग तुमची छाती थांबली. तुमचा हात माझ्या हातात होता. मी जागी होते, पुरती जागी.

यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत. मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळते आहे. तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या मला सांभाळत होतात, आणि पत्ता लागू दिला नाहीत. तेव्हाच कळलं असतं तर मी भांडले असते, आणि झोपले तर नसतेच. म्हणून सांगितलं नाहीत ना?

आता भाऊजी कशासाठी आले होते ते सांगते. चादरीचा वास कशानं जायचा, ते विचारायला. त्यांच्या बायकोला, पार्वताबाईला, छातीत गाठ आहे. ती पिकली, फुटली, डॉक्टरांनी घरी पाठवलं. मुलगा भिलईला नोकरीवर. भाऊजींनी काम सोडलं ते तिच्यासाठी. मी त्यांना कडुनिंबाचा पाला आणि सोडा किती घालायचा ते सांगत होते. माझं बोलणं संपलं तर ते बसल्या जागी झोपलेले, बशी हातात तिरपी. मी बशी काढून घेतली. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. जागे झाले तेव्हा ओशाळून म्हणाले, "तिच्यापाशी डोळा लावाले भेव लागते, वहिनी. मी झोपलो आन् ती गेली तर?"

मी त्यांना परत चहा दिला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देते आहे. उद्यापासून दुपारी माझं मशीन बंद. ब्लाऊजवाल्या बाया बोंबलू देत. मी पार्वताबाईजवळ बसेन, तिची जखम धुवेन, आणि भाऊजींना पलीकडच्या खोलीत झोपायला लावेन. नाही म्हणतील, भांडतील. भांडायला मी कमी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पार्वताबाईला मी वाचवू शकणार नाही. पण ती जाईल तेव्हा भाऊजी जागे असतील, एवढं मी बघेन.

तुमची,
मंजुळा