आप्पांची सायकल चालू झाली त्याची हकीकत

निपाणी,
तुळशीच्या लग्नानंतरचा शनिवार

ती. मंगलआक्का,

धाकट्या युवराजचा वाकून नमस्कार. दाजींना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांना वेगळा, कारण फोनवर तू दाजींपेक्षा गुडघ्यांविषयीच जास्त बोलतेस. तुमच्या गुंजीला भातं कापायला आली असतील. गव्यांनी या वर्षी तुमच्यासाठी काही शिल्लक ठेवलं असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढे वाचशील तसा हा शब्द तूच खोड). आप्पांचे तुला अनेक आशीर्वाद. तेही मीच घातलेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, तुझ्या बाजूला सासूबाई असतात आणि माझ्या बाजूला आप्पा. आप्पांविषयी आप्पांच्या देखत बोलायला मला जमत नाही. म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या नोकरीच्या टेबलाशी बसून लिहितोय. परीक्षा जवळ आल्यामुळे इथे कुणी नाही (परीक्षा लांब असतानाही नसतं).

आप्पांचं तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. उरलेलं असं, की उन्हाळ्यापासून ते रोज सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून कामाला निघतात. विडी कारखाना बंद पडून जमाना झाला, तिथे आता मंगल कार्यालय आहे, पण आप्पांच्या डोक्यात तो अजून चालू आहे. सायकलवरून अकोळच्या बायकांना तंबाखू आणि पानं पोचवायची आणि वळलेल्या विड्या घेऊन यायच्या, हे त्यांनी जन्मभर केलं, तेवढंच आता उरलंय. 'अकोळला बायका खोळंबल्यात,' म्हणतात आणि चालू लागतात. मला ते कधी युवराज म्हणतात, कधी मुकादम. सुनेला, म्हणजे रचनाला, अंगणवाडीतल्या बाई समजतात, आणि ती अंगणवाडीतलीच बाई असल्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. आषाढात एकदा सापडले ते यमगर्णीच्या पुलावर. वेदगंगा काठोकाठ, शेजारून ट्रक धडधडत चाललेले, आणि आप्पा कठडा धरून पाणी उतरायची वाट बघत उभे. अकोळचा रस्ता तिकडून जातही नाही. आक्का, मी त्यांची बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवली. घरी आणताना ठरवलं, काहीही करून हा माणूस घरात राहिला पाहिजे. बेळगावचे डॉक्टर अर्धं कन्नड आणि अर्धं इंग्लिश बोलले, त्यातलं मला कळलं ते एवढंच, की गोळीने हे जाणं थांबणार नाही, हाताला ओळखीचं काम द्या.

ओळखीचं काम म्हणजे सायकल, हे डोकं माझं. ती न्हाणीमागे सरपणाखाली होती. तू सासरी गेलीस तेव्हा काळी होती. आता तिला रंगच नव्हता, नुसता गंज सायकलच्या आकारात उभा होता. अर्धा गंज न्हाणीच्या पाण्याने चढवला आणि अर्धा आपल्या आईने (गेलेल्या माणसाविषयी बोलू नये, पण बोलतो). दर खंडेनवमीला आई सायकलवर नारळ फोडायची, आणि पाणी वाया जायला नको म्हणून ते हँडलपासून पायडलपर्यंत ओतायची. वर हळदकुंकवाचा लेप. आप्पांनी सायकल चालवायचं सोडल्यावरही ही पूजा चुकली नाही, उलट सोडल्यापासून वाढलीच. परिणामी सायकलीचा एकही भाग हलत नव्हता. हँडल वळेना, सीटची नळी निघेना, दांडीचे ब्रेक चाकाला चिकटलेले, आणि चेन म्हणजे एक अखंड सळई. घंटीत मुंग्या राहत होत्या. त्यांचं तेवढं बरं चाललं होतं.

मी पडलो पुस्तकातला माणूस. पण मोबाईलवर एक गोरे आजोबा जुन्या सायकली नीट करून दाखवतात, त्यांना गुरू केलं. ते हातमोजे घालतात, नटावर तेलाचा थेंब सोडतात, चहा पितात आणि परत येतात तो नट बोटाने फिरतो. मी थेंब सोडला, चहा प्यालो, जेवलो, गौरीगणपती करून आलो, नट तिथेच. रॉकेल झालं, व्हिनेगर झालं, चिंच झाली (रचनाची वर्षाची चिंच, त्यावर ती तुला वेगळं पत्र लिहील). पाना घसरून माझ्या अंगठ्याचं नख गेलं. शेवटी गुंडूला बोलावलं. गुंडू म्हणजे बसस्टँडमागचा मिस्त्री, तोंडात मावा आणि कामाच्या आधी मत. त्याचं मत असं, की ही भंगारात देऊन नवी घ्यावी, आणि नवी सायकल घेण्यापेक्षा जुनी मोटरसायकल घ्यावी, आणि तशी एक त्याच्या भावाकडे आहे. मतं संपल्यावर त्याने हातोडा उचलला आणि मडगार्डला भोक पाडलं.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. सायकल अंगणात काढली त्याच सकाळी आप्पा टोपी घालून बाहेर आले, सायकल बघून थांबले, मागचं चाक फिरवून बघितलं. फिरेना. 'जाम झाल्या,' म्हणाले, 'आज जायला न्हाय जमत.' टोपी काढून खुंटीला अडकवली, पाट घेतला आणि पाना हातात घेऊन बसले. जेवायला उठले, परत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आप्पा अंगणाबाहेर पडले नाहीत. रचनाने फाटकाला कडी लावायचं सोडून दिलं. आणि मी काय करावं? मी वैतागलो. कारण आप्पांची दुरुस्ती त्यांच्या पद्धतीची होती. मी नख घालवून सैल केलेला नट ते सकाळी परत गच्च आवळायचे आणि मग तो सोडवत दिवसभर बसायचे. मी ग्रंथालयातून आलो की भांडण ठरलेलं. आप्पा, तुम्ही हात लावू नका, असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, मुकादम, तुम्हाला सायकलीतलं कळत न्हाय, बायकांना निरोप धाडा, उद्या येतो म्हणून. निरोप धाडला असं मी रोज खोटं सांगायचो. ते खोटं मला चालत होतं, आवळलेला नट चालत नव्हता. बघ तुझ्या भावाची अक्कल.

मला ती चालू करायचीच होती. खंडेनवमीला आप्पांसमोर चालू सायकल उभी करायची, फोटो काढायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा (तू टाळ्या पाठवल्या होत्यास), आणि मनात असंही, की ती सुरू झालेली बघून आप्पांचं डोकंही थोडं जाग्यावर येईल. हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. गुंडूने गॅसची नळी आणली, सीटची नळी लाल होईपर्यंत तापवली, आणि ती सुटली तेव्हा असा आवाज झाला की शेजारचं कुत्रं दोन गल्ल्या पलीकडे गेलं. एक सुटलं तसं सगळंच सुटत गेलं. चाकातले छर्रे नवे, चेन नवी, आणि ग्रीस गुंडूने असं थापलं की मला त्याच्या भाकरीवरच्या लोण्याचा अंदाज आला. खंडेनवमीला हार घातला. नारळ मी लांब, दगडावर फोडला. आप्पांनी पायडल मारलं, चाक सरसर फिरलं, आणि आक्का, आप्पा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मी रडलो, ते फोटोत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला आप्पांना शोधतोय, तर खुंटीवर टोपी नाही आणि अंगणात सायकल नाही. सून कोण हे ज्यांना आठवत नाही, त्यांना टांग मारून सायकलवर बसायचं आठवत होतं. मी पुलाकडे पळालो, रचना बसस्टँडकडे, गुंडू भावाच्या मोटरसायकलवरून हायवेला (ती अर्ध्या वाटेत बंद पडली, म्हणून तो पुढे चालत गेला). आप्पा बरोबर अकोळला पोचले होते. त्या बायकांतल्या एकट्या जयाबाई उरल्यात, नजर गेलेली, पण त्यांनी आवाज ओळखला, ओसरीवर बसवलं, चहा पाजला. आप्पांनी विड्या मागितल्या. बिचारी, आज माल तयार न्हाय आण्णा, उद्या या, म्हणाली. (माणसाने प्रेमाने वागू नये असं माझं म्हणणं नाही. पण उद्या या?) येताना आप्पा चुकले, हायवेवर उलट्या बाजूने चढले आणि कुठल्याशा गाडीचा धक्का लागला. गाडी थांबली नाही. गुंडूला ते रस्त्याकडेच्या चरीत सापडले, अंगावर सायकल. खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. आप्पा अंगणात घसरले असं मी तुला फोनवर सांगितलं ते खोटं होतं. भाऊबीजेला तू दाजींच्या गुडघ्यांमुळे आली नाहीस म्हणून ते खपलं. सायकलीला काहीही झालेलं नाही. घंटीसुद्धा वाजते.

दवाखान्यातून घरी आल्यावर रचना भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चूल पेटवता पेटवता एवढंच म्हणाली, 'सायकल जाम हुती म्हणून आप्पा घरात हुते.'

तेव्हापासून गळ्यात हात बांधलेला माणूस रोज सकाळी टोपी घालून सायकलकडे जातो. आधी आम्ही कुलूप घातलं. आक्का, गंजाचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं, कुलूप बघून मात्र ते लहान पोरासारखे रडले. 'माझी सायकल कुणी बांधून घातली?' असं विचारतात आणि माझ्याकडे बघतात, आणि त्या वेळी मी नेमका युवराज असतो, मुकादम नसतो. जाम झाली तर ती सायकलीची खोड, कुलूप म्हणजे कुणीतरी मुद्दाम अडवलंय, एवढं त्यांना अजून कळतं. म्हणून कुलूप काढलं आणि सायकल परत जाम करायला घेतली. गोऱ्या आजोबांकडे याचा व्हिडिओ नाही. मिठाचं पाणी ओतलं, न्हाणीमागे नेऊन ठेवली, आईच्या पद्धतीने नारळाचं पाणीही ओतून बघितलं. पण त्या ग्रीसवरून पाणी घसरून जातं आणि चेन आणखीच चमकते. गुंडूने आयुष्यात एकच काम नीट केलं, ते हे. हल्ली रचना उठल्याबरोबर चेन काढून लपवते, आम्ही आळीपाळीने रजा टाकून समोर बसतो, आणि आप्पा एका हाताने घरभर चेन शोधतात. दोघांच्याही रजा संपत आल्या. खांदा भरत आलाय. डॉक्टर खूश आहेत, आणि मी रोज देवापुढे उभा राहून म्हणतो की अजून थोडे दिवस भरू नये. बापाचं हाड जुळू नये म्हणून हात जोडणारा मुलगा तू बघितला नसशील, म्हणून कळवतो.

बाकी विशेष काही नाही. सासूबाईंना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
युवराज

ता. क. : रचनाने विचारलंय की या वर्षीही नवा तांदूळ पाठवणार का. पाठवू नकोस. टेम्पोत जागा लागेल.

ता. क. आणखी : टेम्पो कशाला ते सांगतो, कारण पत्र त्यासाठीच लिहिलंय. तुमच्या गोठ्यामागे फणसाखाली दाजींच्या वडिलांची सायकल पडलेली असते. खानापूरकडचा पाऊस तिने माझ्या वयाइतका खाल्ला असेल. ती मला पाहिजे. फोनवर मागितली असती तर दाजींनी प्रेमापोटी आधी ती धुतली असती, तेल पाजलं असतं आणि गुडघे विसरून चालवून बघितली असती. तेव्हा हात जोडून विनंती, तिला तेलाचा थेंब लागू देऊ नकोस. नट हलतो का हे बघूसुद्धा देऊ नकोस. चाकात वेल शिरला असेल तर वेलासकट पाठव.

ता. क. शेवटचा : टेम्पोबरोबर तू स्वतः ये. आप्पा तुला ओळखणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे दारात रडायला नको. मी मंगल, मी मंगल, असं म्हणू नकोस, ते घाबरतात. सायकल जाम झाल्या, बघता का, एवढंच म्हण. ते तुला बसायला पाट देतील.