दार असलेली खोली

आई,

दुकानात यात्रेकरूंची लई गर्दी होती, म्हणून तुला हाक न मारताच हॉस्टेलला निघालो. हॉस्टेलवाल्यांनी स्वतःचं कुलूप आणायला सांगितलंय. सकाळी पेटीला लावून पाहिलं, तर किल्ली आतच राहिली. शिंगणापुरात कुलूप लावायला शिकवणार तरी कोण? तुझे लाडू आता माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित आहेत.

तिथं खोलीला दारही आहे म्हणे. मला झोप कशी लागायची? इथं लहानपणापासून पडद्यापलीकडं तुझी भांडी वाजायची, बनूआत्याशी भांडण चालायचं, मग कुठं डोळा लागायचा. आज पहाटे तू ओट्यापाशी रडलीस, तेही ऐकू आलं. मी घोरायचं सोंग केलं.

रात्री फोन लाव. बोलू नकोस, नुसती भांडी घास.

तुझा कानिफ