पश्चिमेकडची पाळ

जामटोला, ता. सिंदेवाही
८ जानेवारी

प्रिय दिव्यानी,

आधी पोटभर हसून घे. बी.एस्सी. झाल्यावर 'आता मी चिखलात हात घालणार नाही' असं अख्ख्या टोल्याला ऐकवणारी तुझी रंजीता गेले बारा दिवस समाजमंदिराच्या ओसरीवर कोपरापर्यंत चिखलात बसली आहे. नखांत माती, केसांत तूस. आई येता-जाता म्हणते, "पोरीले एवढं शिकवलं, ते मडके घडवाले का वं?" पण मडकं नाही, मी तलाव बनवते आहे! आपला तलाव. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, नहर, खालच्या धानाच्या बांध्या, सगळं. खऱ्यातले दोनशे मीटर म्हणजे इथला एक मीटर. शाळा सुटल्यापासून मी मॉडेलला हात लावला नव्हता. आता आठ वर्षांनी लावला आणि सकाळी डोळे उघडले की चहाआधी ओसरीवर पळते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी तुला 'जेवली का' आणि 'थंडी हाय का तिकडे' याच्या पुढे कधी काही विचारलंच नाही. म्हणून कागद घेतला.

सुरुवात अशी झाली. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तलावाच्या दुरुस्तीचा नकाशा आला. जुनं तुडूम गळतं, म्हणून नवं बसवायचं, आणि नकाशात ते बरोबर डोहाच्या तोंडाशी दाखवलं होतं. नकाशा भिंतीला लावला, सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात सुगंधाबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तू शिकली हायेस, सांग बरं, ह्या कागदावर माझी बांधी कुठी हाय?" मी बोट ठेवून दाखवली. त्या डोळे बारीक करून म्हणाल्या, "हे रेघ? हिच्यात तं मुंगी बी धानाचा रोवणा करू शकत नाई." सगळे हसले. तुझे बाबा, माझे सुकलूकाका, मात्र हसले नाहीत. ते मागे खांबाला टेकून बसले होते, तिथूनच बोलले, "डोहात तुडूम टाकलं तं उन्हाळ्यात पाणीच नाई राहणार. मासोळी कुठी जाईन? आन् आमी कुठी जाऊ?" नकाशा आणणारा माणूस म्हणाला, कागदात सगळा हिशोब केलेला आहे. आणि दिव्यानी, मी उभी राहिले. कोणी ढकललं माहीत नाही. म्हणाले, मी मातीत तलाव करते, जुन्या आणि नव्या, दोन्ही जागी तुडूम लावून पाणी सोडते, डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत निकाल, असं ठरलं.

आता चुका ऐक. मला वाटलं होतं, आपण शाळेत केलंच आहे, हात विसरणार नाही. हात सगळं विसरला होता. पहिली पाळ तलावातल्या काळ्या मातीची केली, गुळगुळीत, सुंदर. तिसऱ्या दिवशी तिला अशा भेगा पडल्या की त्यात बोट जाईल. सुगंधाबाई म्हणाल्या, "भिंतीले का नुसती माती थापतेत? तूस टाक, शेण टाक." बी.एस्सी.ला हे कुठल्या पेपरात नव्हतं. दुसरी पाळ टिकली, पण अगदी मापाबरहुकूम केल्यामुळे ती उठली जेमतेम दोन बोटं. मुखरूभाऊंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "हे पाळ हाय का बांधीचा धुरा?" मग उंची दुप्पट केली आणि शेजारी पाटीवर स्पष्ट लिहिलं, 'लांबी-रुंदी मापात, उंची दुप्पट', म्हणजे कोणी फसायला नको. डोहाची खोली सुकलूकाकांनी डोंग्यातून बांबू बुडवून मोजून दिली. एकेक ओला बांबू वर काढून दाखवत होते आणि मी काठावरून लिहून घेत होते. एका जागी बांबू पुरला नाही, तर माझ्याकडे असे बघून हसले, जणू तो डोह त्यांनीच खणला आहे.

आणि जंगल! खराट्याच्या काड्यांना हिरव्या चिंध्या लावून मी मोहाची आणि ऐनाची झाडं केली, भाताच्या पेजेच्या खळीनं चिकटवली. सकाळी बघते तर मुंग्यांची रांग. त्या हाकलेपर्यंत मीराबाईची शेळी आली आणि खळीसकट अर्धं जंगल खाऊन गेली. मी रडकुंडीला आले. मीराबाई शेळीचं दावं धरून थंडपणे म्हणते, "खऱ्या जंगलात चरू देत नाई, तं इथी चरली बिचारी." तू इथे हवी होतीस, असं मला तेव्हा फार वाटलं. आपण दोघी पोट धरून हसलो असतो.

प्रत्येक चुकीवर मी आधी चिडते, मग वहीत लिहिते: काय चुकलं, कोणामुळे, आता काय करायचं. 'कोणामुळे' या रकान्यात दर वेळी माझंच नाव येतं. गंमत म्हणजे लिहिलं की चूक हलकी होते, दुसऱ्या दिवशी हात आपोआप नीट चालतो. हे मला नववीत कळलं असतं तर.

नववीतलं आठवतं ना? सिंदेवाहीचं विज्ञान प्रदर्शन, आपलं थर्माकोलवरचं 'आदर्श तलाव'. टेप नव्हती, म्हणून पाळ पावलांनी मोजली. तू पश्चिमेकडून निघालीस, मी पूर्वेकडून, आणि तुडुमावर भेटलो. मी तीनशे ऐंशी, तू तीनशे वीस. टेकडी आणि रस्ता तलाठ्याच्या नकाशावरून आधीच काढला होता, पण पाळ लावली तर तुझ्या बाजूला टेकडीपर्यंत पोचेचना. वीतभर फट. प्रदर्शनाच्या सकाळी मी ती ओल्या मातीनं भरली. पाहुणे आले, मी तांब्याभर पाणी ओतलं, आणि पाणी बरोबर तिथूनच फुटलं. कागदाची शेतं वाहून पाहुण्यांच्या बुटात गेली. सर ओरडले, "कोणी मोजलं हे?" आणि मी बोट दाखवलं. "सर, तिकडची बाजू दिव्यानीनं मोजली." परत येताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मी शेंगा खात होते. दहावीनंतर तू शाळा सोडलीस. सुकलूकाका तेव्हा कोणाला तरी सांगत होते, "जिले पाळ मोजता येत नाई, ते पुढं शिकून काय करन?" मी ऐकलं आणि घरात निघून गेले. शाळा त्याचमुळे सुटली की आणखी कशानं, मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

परवा सुकलूकाका कौतुकानं सांगत होते, माजरीत तू ब्लाउज शिवतेस आणि माप कधी चुकत नाही म्हणून बाया रांग लावतात. मी मान खाली घालून माती मळत राहिले.

खरं कारण आता लिहिते. मागच्या आठवड्यात मी टेप आणली आणि खरी पाळ मोजली. पूर्वेकडे एकशे नव्वद मीटर, पश्चिमेकडे दोनशे चोवीस. मग ट्रंकेतून आपली नववीची वही काढली आणि गणित मांडलं. तुझं एकेक पाऊल सत्तर सेंटीमीटरचं होतं, तीनशे वीस पावलांत एकही चुकलेलं नाही. माझं पाऊल पन्नासचं. आणि मी पट्टी लावून फक्त माझं पाऊल मोजलं होतं, तेच तुझ्या पावलांनाही लावलं. फट तिथून आली. एवढंच असतं तर मी स्वतःला म्हटलं असतं, लहान होतो, कळलं नाही. पण त्याच पानावर तुझ्या अक्षरात ओळ आहे: 'तुझं पाऊल लहान, माझं मोठं. एकीनंच दोन्हीकडे मोजू.' त्यावर माझ्या पेननं काट मारली आहे. ऊन फार होतं, मला पुन्हा चालायचं नव्हतं. बोट दाखवलं तेव्हाही ती ओळ मला आठवत होती, दिव्यानी. मला माहीत होतं.

मॉडेल जवळजवळ झालं आहे. पूर्वेची पाळ उभी आहे, डोह आहे, नवं जंगल आहे (या वेळी बाभळीच्या डिंकानं चिकटवलेलं, भोवती कुंपण घालून). फक्त पश्चिमेची बाजू मोकळी ठेवली आहे. मापं लिहून तयार आहेत, पण माती टाकायला हात धजत नाही. सव्वीसला अकरा वाजता, पाणी ओतायच्या आधी, ती वही उघडून मी सगळ्यांना ते पान वाचून दाखवणार आहे. सुकलूकाका समोर असतील. तू आलीस तर तुझ्यादेखत, नाही आलीस तरी. मॉडेलसाठी म्हणून मला माफ करू नकोस. चिडून आलीस तरी ये. चोवीसपर्यंत मी वाट बघीन, पंचवीसला मात्र माती लावावीच लागेल, नाहीतर वाळणार नाही. येताना तुझी शिवणाची टेप घेऊन ये. माती मी मळून ठेवते, माप तू सांग.

तुझीच, लहान पावलाची,
रंजीता