बेसिनखालचा जोड

४ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. रविवारी येते म्हणाली, घर बघून ठरवू, आई, तू एकटी राहायचं की माझ्याकडे यायचं. मी म्हटलं, खुशाल ये, तोंड दिसेल असे नळ करून ठेवते. पाणी फार जड. नळांवर पांढरे खवले, साबणाला फेस म्हणून नाही. हे होते तेव्हा पाना घेऊन बसायचे आणि नुसते बघायचे. मी म्हणायचे, नळाला दृष्ट लागेल.

५ मार्च
वाचनालयातून घरदुरुस्तीचं पुस्तक आणलं. नियम: एक पान वाचायचं, ते पुरतं करायचं, मगच उलटायचं. आजचं पान: व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं खवल्यांवर रात्रभर गुंडाळावं.

६ मार्च
शॉवर लखलखीत. घरभर आंबट वास. शेजारीण म्हणाली, वहिनी, काय नासलं? मी म्हटलं, प्रयोग चाललाय.

७ मार्च
राहिला बेसिनखालचा जोड. खवल्यांनी पार माखलेला. हे त्याला हात लावू देत नसत. म्हणायचे, झोपलंय ते, झोपू दे. मी त्याला आळस म्हणायचे. आजारपणातही म्हटलं एकदा. तेव्हा हे भिंतीकडे वळून झोपले.
ते जाऊ दे. फडकं गुंडाळलं.

८ मार्च
जोड चकचकीत. खाली थोडी ओल. हवाच दमट आहे. वाटी ठेवली.

९ मार्च
वाटीच्या जागी बादली. सगळं करून झालं म्हणून पान उलटलं. पहिलीच ओळ: जुन्या जोडांना हे करू नये, पुष्कळदा त्या थरानेच गळती अडवलेली असते. असली गोष्ट आधीच्या पानावर छापायला काय झालं होतं? पुस्तकाची मांडणीच चुकीची.
यांना ठाऊक होतं. सांगितलं का नाही? सांगितलं होतं म्हणा.

१० मार्च, रविवार
लेक आली. बादली बघितली. मी म्हटलं, पाणीच खराब. ती वाकली, वास घेतला, विचारलं, बाबा याला हात लावू द्यायचे? मी म्हटलं, नाही. ती सरळ उठली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पाण्याचा मेन कॉक बंद केला आणि कपाटावरची माझी बॅग खाली काढली.
प्लंबर येईपर्यंतच जातेय. तेवढंच.
निघताना यांचा पाना पुसून बॅगेत ठेवला. हळूच यांना सांगितलं, उठलं हो ते.